रॉकची पहिली कॉर्ड: सा, प आणि वरचा सा

मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून बोलतेय. नव्याने आलेल्यांसाठी एवढंच सांगते की छत्तीसगढीत पारा म्हणजे वस्ती, मोहल्ला. पुण्याला पेठ असते तसा आमच्याकडे पारा. जवळच तात्यापारा आहे, बुढापारा आहे. या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत एक पेटी असतेच. कुठे माळ्यावर, कुठे देवघराशेजारी. हल्ली तिच्या जोडीला कपाटावर आडवी ठेवलेली एक गिटारही दिसते. पेटी निदान गणपतीत खाली उतरते. गिटार उतरत नाही.

ती का उतरत नाही आणि कशी उतरवायची, हा आजचा विषय. व्हिडिओत मी वाजवून दाखवलं होतं. पुस्तकात आवाज येत नाही, म्हणून इथे थोडे आकडे जास्त दिले आहेत. जवळ गिटार असेल तर ती घेऊनच वाचा.

गिटार शिकायला बसलं की साधारणपणे आधी जी, सी, डी या कॉर्ड येतात. बोटं दुखतात, पण जमतं. मग महिन्याभरात एफ येते. एफ म्हणजे पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या, आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे आणखी तीन जागा धरायच्या. याला बॅरे कॉर्ड म्हणतात. पहिला पडदा नटाच्या, म्हणजे तारा जिथून गळ्यावर येतात त्या पांढऱ्या पट्टीच्या, अगदी जवळ असतो. तिथे तार सगळ्यात ताठ लागते. म्हणजे सगळ्यात अवघड काम, सगळ्यात अवघड जागी, तेही दुसऱ्या महिन्यात! तिथे मुलगा किंवा मुलगी म्हणते, माझी बोटंच लहान आहेत. आई-वडील म्हणतात, तरी सांगत होतो तबला घे. आणि गिटार कपाटावर जाते.

ज्याला रॉक वाजवायचं आहे त्याने या रस्त्याने जायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉकची स्वतःची एक कॉर्ड आहे. ती दोन बोटांत येते, आणि पेटीवर किंवा तंबोऱ्यावर ज्याने कधीही सा लावला आहे त्याच्या कानाला ती आधीपासून ठाऊक असते. तिला पॉवर कॉर्ड म्हणतात. नावाने दचकू नका. त्यात असतं काय? सा, प आणि वरचा सा. बस्स.

आता गिटार मांडीवर घ्या. सगळ्यात जाड तार, जी तुमच्या हनुवटीच्या बाजूला येते, ती सहावी. सगळ्यात बारीक, जमिनीकडची, ती पहिली. सहावीपासून पहिलीपर्यंत तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. कंपनांत सांगायचं तर सेकंदाला साधारण ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३०. फोनवर ट्यूनरचं फुकट ॲप मिळतं, ते वापरा. पण त्याआधी एकदा कानाने जवळ आणायचा प्रयत्न करा. पेटीवाल्यांना हे लगेच जमतं. सहावी तार सा धरली, तर पाचवी तिच्या शुद्ध मध्यमात लागलेली असते. पाचवीला सा धरलं तर चौथी पुन्हा मध्यमात. चौथी आणि तिसरीचंही तेच. फक्त तिसरी आणि दुसरीमध्ये अंतर शुद्ध गांधाराचं आहे, आणि पुढे दुसरी-पहिलीत परत मध्यमाचं.

गिटारचा प्रत्येक पडदा पेटीच्या एका पट्टीएवढा, काळी-पांढरी दोन्ही धरून. म्हणजे पाचव्या तारेवर मध्यम मिळतोय, तर दोन पडदे पुढे गेलात की पंचम. चौथी तार पाचवीच्या मध्यमात, म्हणजे सहावीच्या हिशेबाने कोमल निषादात. तिथेही दोन पडदे पुढे गेलात की वरचा सा. झाली कॉर्ड! सहावी तार मोकळी, पाचवीच्या दुसऱ्या पडद्यावर तर्जनी, चौथीच्या दुसऱ्या पडद्यावर अनामिका. याच तीन तारा छेडा. याला ई फाइव्ह म्हणतात; फाइव्ह म्हणजे पाचवा स्वर, आपला पंचम.

बोट पडद्याच्या धातूच्या पट्टीवर ठेवू नका आणि दोन पट्ट्यांच्या मधोमधही नको. पट्टीच्या अगदी मागे, नटाच्या बाजूने चिकटून ठेवा. निम्म्या जोरात स्वच्छ सूर येतो. ही एकच गोष्ट नीट केली तर बोटांचं दुखणं खूप कमी होतं, आणि का कोण जाणे, ती फारसं कुणी सांगत नाही.

सहावी तार मोकळी ठेवून एकच कॉर्ड मिळेल. पुढच्या कॉर्डसाठी तर्जनी सहाव्या तारेवर आणायची आणि अनामिका दोन पडदे पुढे पाचव्या तारेवर, करंगळी त्याच पडद्यावर चौथ्या तारेवर. हा आकार आता हलत नाही. तसाच्या तसा गळ्यावर पुढेमागे सरकवायचा. तर्जनी तिसऱ्या पडद्यावर असेल तर जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी, दहाव्यावर डी, आणि बाराव्यावर पुन्हा ई, वरच्या सप्तकातला. नावं पाठ व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत सरगम वापरा. मोकळी सहावी तार सा, तिसरा पडदा कोमल गांधार, पाचवा मध्यम, सातवा पंचम, दहावा कोमल निषाद, बारावा तार षड्ज. हे पाच स्वर एका पाठोपाठ वाजवून बघा. घरात कुणी शिकलेलं असेल तर आतल्या खोलीतून आवाज येईल, “धानी वाजवतोयस का?” खरंच, हे धानीचेच स्वर आहेत. तिकडे त्याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात. ब्लूजपासून हेवी मेटलपर्यंत रॉकचं निम्मं सामान या पाच जागांत भरलेलं आहे. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, हे मला मान्य आहे. धानीची चाल वेगळी, रॉकची वेगळी. पण बोटांना आणि कानाला रस्ता सापडायला एवढी ओळख पुरते.

सूर लागला, आता अवघड भाग. पॉवर कॉर्डमध्ये तीन तारा वाजवणं सोपं आहे. उरलेल्या तीन तारा गप्प ठेवणं हे खरं काम. त्या वाजल्या की सगळा गोंधळ होतो. तर्जनीची टोकाची बाजू सहाव्या तारेवर दाबलेली असते, तेव्हा त्याच तर्जनीचा उरलेला भाग खालच्या तारांना नुसता टेकू द्या. दाबायचं नाही, टेकायचं. तार टेकलेली असली की तिचा आवाज येत नाही, नुसता ‘टक’ होतो. उजव्या हातालाही काम आहे. तळव्याची करंगळीकडची कड घोडीजवळ, म्हणजे तारा जिथे खोक्यावर बांधलेल्या असतात तिथे, हलकी टेकवायची. मग सूर लांबत नाही, ठोक्यासारखा येतो. याला पाम म्यूट म्हणतात. ढोलकीवाला डग्ग्यावर तळहात दाबून आवाज आवळतो, त्याच जातीचं हे काम. रॉक ऐकताना तो जो दबलेला, धडधडणारा आवाज येतो आणि मग एकदम मोकळा होतो, तो या कडेचा खेळ आहे. तळवा टेकवला, उचलला. महागडं यंत्र त्यात काही नाही.

मग एक प्रश्न राहतो, आणि तो मला सगळ्यात आवडतो. कॉर्ड म्हटलं की सा, ग, प असे तीन स्वर हवेत. मेजर असेल तर शुद्ध गांधार, मायनर असेल तर कोमल. रॉकवाल्यांनी मधला गांधार काढून का टाकला? आळस म्हणून? सोपं पडतं म्हणून? सोपं पडतं हे खरं, पण मुख्य कारण आवाजात आहे, आणि ते समजायला तंबोऱ्याइतकं चांगलं साधन नाही.

तंबोऱ्यात साधारणपणे पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज लावतात. गांधाराची तार नसते. तरीही तंबोरा चांगला लागला की खर्जातून गांधार ऐकू येतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात. कुठलीही तार छेडली की तिच्या मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही उठतात. दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गांधार. हे सगळं प्रत्येक तारेत असतं, पण मंद. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी जुळवतात, तेव्हा तार घोडीच्या सपाट पाठीला घासत वाजते आणि हे वरचे स्वर उजळतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. सी. व्ही. रामन यांना तंबोऱ्याच्या या घोडीने इतकं ओढलं की १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्यावर शास्त्रीय लेखन केलं.

इलेक्ट्रिक गिटारला घोडीवर जवारी नसते. तिची जवारी ॲम्प्लिफायरमध्ये असते, तिचं नाव डिस्टॉर्शन. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज आत ढकलला की तो लाटांचे शेंडे छाटतो. छाटलेल्या लाटेत वरचे स्वर भरभरून येतात. इथपर्यंत जवारीशी साम्य. पण एक मोठा फरक आहे. जवारी प्रत्येक तारेची वेगळी असते. ॲम्प्लिफायरमध्ये सगळ्या तारा एकत्र जातात, आणि छाटणी त्या मिसळलेल्या लाटेची होते. मग दोन स्वरांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकी असे नवेच स्वर तयार होतात, जे कुठल्याच तारेवर वाजवलेले नसतात.

हिशेब करून बघू. सहावी तार ८२.४, तिचा पंचम १२३.५. वजाबाकी ४१.१. म्हणजे सहाव्या तारेच्या जवळजवळ बरोब्बर निम्मं: एक सप्तक खालचा सा, जो गिटारवर नाहीच! पॉवर कॉर्ड भिंत हलवल्यासारखी जड का वाटते, त्याचं एक मोठं कारण हे. आता बेरीज करा. २०५.९. हा कुठला स्वर? सहाव्या तारेच्या अडीचपट, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गांधार. तंबोऱ्याप्रमाणेच इथेही गांधार आपोआप उगवला, कुणी न वाजवता.

अशा वेळी तुम्ही बोटाने आणखी एक गांधार दाबलात तर काय होईल? तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर गांधार मिळतो, त्याची कंपनं २०७.७. आपोआप उगवलेला २०५.९, दाबलेला २०७.७. दोघं एकमेकांना घासतात आणि सेकंदाला साधारण दोनदा आवाज हेलकावतो. शिवाय मूळ तारेचा पाचपट सूर आणि दाबलेल्या गांधाराचा दुप्पट सूर यांच्यात सेकंदाला तीनदा हेलकावे. साध्या गिटारवर हे हेलकावे मंद असतात, कानाला गोडच लागतात. डिस्टॉर्शनमध्ये ते मोठे होतात आणि सूर गढूळ होतो. पंचमाची तक्रार नसते. सहाव्या तारेशी त्याचा हेलकावा साडेतीन सेकंदांत एखादा. म्हणून पंचम ठेवला, गांधार गाळला.

हा २०७.७ आला कुठून, गिटारचा गांधार चढा का? कारण गिटारचे पडदे पेटीसारखे समान अंतरावर कापलेले आहेत. सप्तकाचे बारा सारखे भाग. त्यात पंचम जवळपास खरा राहतो आणि गांधार मात्र चांगलाच चढतो. मराठी माणसांनी या गांधारावर पूर्वीच पुष्कळ डोकं शिणवलं आहे, पण पेटीच्या निमित्ताने. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० साली निघालं. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी त्यांच्या जोडीला आले, आणि खरे श्रुतिस्वर देणारी हार्मोनियम करवून घेण्यापर्यंत मजल गेली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा त्यांना या कामात आधार होता. पुढे १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती अनेक वर्षं टिकली. त्या वादातला अर्धा राग समान पट्ट्यांवर होता. रॉकवाल्यांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही, गांधाराची तार दाबायचीच सोडून दिली.

आणि हे कुणी प्रयोगशाळेत बसून ठरवलं नाही. १९५८ साली अमेरिकेत लिंक रे याने ‘रंबल’ नावाची एक नुसत्या वाद्यांची रेकॉर्ड काढली. हवा तसा फाटका आवाज मिळावा म्हणून त्याने ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर ब्लेडने कापला. आधी फाटका आवाज आला, आणि त्या आवाजात कुठली कॉर्ड शोभते हे कानाने ठरवलं. आपल्याकडे मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू झालं आणि बरीच वर्षं धोबीतलावच्या रंगभवनात ते गाजलं. तिथल्या पोरांनीही ही कॉर्ड पुस्तकातून नव्हे, कॅसेट पुन्हा पुन्हा मागे फिरवून उचलली.

बोटं दुखतात म्हणणाऱ्यांसाठी टोनी आयोमीची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका अशा दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. गिटार संपली असं डॉक्टरांनी सांगितलं. कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो युरोपातला नावाजलेला गिटारवादक होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून बारीक तारा लावल्या, आणि पुढे तारा सैल सोडून खालच्या सुरात लावायला लागला. टोपण घातलेल्या बोटाला तार जाणवत नाही, त्यामुळे भरगच्च कॉर्डपेक्षा सा-पच्या दोन-तीन तारा त्याला सोयीच्या होत्या. १९७० साली त्याच्या बँडचा, ब्लॅक सॅबथचा, पहिला अल्बम आला. हेवी मेटलची सुरुवात लोक तिथून मोजतात.

तुमच्या बोटांना एवढं काही झालेलं नाही. पहिले दोन-तीन आठवडे टोकं हुळहुळतील, मग कातडी जाड होते. रोज पंधरा मिनिटं वाजवा. रविवारी दोन तास आणि मग आठवडाभर सुट्टी, असं करू नका. कातडीला रोजची सवय लागते. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच वाजवू नका, बोटं मऊ असतात तेव्हा तार कापते. मनगट दुखलं तर मात्र थांबायचं. टोकं दुखणं ठीक, मनगट दुखणं ठीक नाही.

आता ताल. रॉकचा नेहमीचा ठेका आठ मात्रांचा समजा, केरव्यासारखा. फरक टाळीत आहे. आपण भजनात समेवर टाळी देतो. रॉकमध्ये जोरकस ठोका तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. पहिल्या आणि पाचव्यावर ड्रमचा जड ‘धप्प’, तिसऱ्या-सातव्यावर ‘टाक’. आपल्या हातांना हे सुरुवातीला उलटं वाटतं. गिटार बाजूला ठेवून नुसतं करून बघा: तोंडाने एक ते आठ म्हणा, पाय पहिल्या आणि पाचव्यावर, टाळी तिसऱ्या आणि सातव्यावर. हे दोन दिवस केलंत की निम्मं रॉक अंगात येतं. हे मी थट्टेने म्हणत नाही.

मग मेट्रोनोम ८० वर लावा, प्रत्येक टिकेला दोन छेड, म्हणजे चार टिकांत आठ मात्रा. सगळ्या छेडी वरून खाली. खालून वर येणारी छेड हलकी पडते, ती नंतर. पहिली दोन आवर्तनं सा, म्हणजे मोकळ्या तारेची ई फाइव्ह. तिसरं आवर्तन कोमल गांधार, तिसरा पडदा. चौथं मध्यम, पाचवा पडदा. परत सा. सगळं तळव्याची कड टेकवून, फक्त तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला कड उचला. साध्या लाकडी गिटारवरही हे चांगलं वाजतं. इलेक्ट्रिक असेल आणि घर आमच्यासारखं भिंतीला भिंत लागून असेल, तर हेडफोन लावता येईल असा छोटा ॲम्प्लिफायर घ्या. शेजारी संध्याकाळी हरिपाठ चालतो, आणि आपला खालचा सा भिंतीतून सरळ पलीकडे जातो.

वाद्य नवीन घेणार असाल तर दुकानात एकच गोष्ट बघा: बाराव्या पडद्यापाशी तार गळ्यापासून किती उंच आहे. साध्या गिटारवर ती अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा फार उंच असेल तर ती गिटार नको, रंग कितीही छान असला तरी. बारीक तारांचा संच लावून मागा. आमच्याकडे रायपूरला, तुमच्याकडे नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात जे ऊन पडतं, त्यात गिटार बंद गाडीत ठेवू नका. डिंक सुटून घोडी उचलली जाते. पावसाळ्यात तारा गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या. पेटीला जपता तेवढंच.

हे महिनाभर झालं की गांधाराकडे परत या, कारण गांधाराशिवाय सगळी गाणी होणार नाहीत. पॉवर कॉर्ड मेजरही नसते आणि मायनरही नसते; ते गाणारा ठरवतो. त्याने कोमल गांधार लावला की गिटार उदास वाटते, शुद्ध लावला की खुलते, आणि गिटारवाल्याने काहीच बदललेलं नसतं. पण डिस्टॉर्शन बंद करून, शांत गाण्यात साथ करायची असेल तर गांधार तुम्हालाच द्यावा लागतो. त्यासाठी नवी कॉर्ड शिकायची नाही. तीच ई फाइव्ह धरा, फक्त पाचव्या तारेवर मध्यमा आणि चौथीवर अनामिका ठेवा, म्हणजे तर्जनी मोकळी होईल. आता सहाही तारा छेडा. तिसरी तार मोकळी आहे, ती कोमल गांधार देते: ही ई मायनर. मोकळी तर्जनी तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर टेकवा: कोमल गांधार शुद्ध झाला, ई मेजर. एक बोट ठेवायचं, उचलायचं. घरातल्या कुणाला डोळे मिटून ओळखायला सांगा. पेटी शिकलेली आजी हे पहिल्याच झटक्यात ओळखते, आणि मग गिटारबद्दल तिचं मत बरंच बदलतं.

एका तारेने पुढे सरकलात की ए. पाचवी मोकळी, चौथी-तिसरीच्या दुसऱ्या पडद्यावर बोटं: ए फाइव्ह. त्याला दुसऱ्या तारेचा पहिला पडदा जोडला की ए मायनर, दुसरा पडदा जोडला की ए मेजर. तोच खेळ. डी, जी आणि सी आता घ्या. त्यांचे आकार वेगळे आहेत, पण आतला सा कुठे आणि गांधार कुठे हे शोधायची सवय लागली असेल, तर ते पाठ करावे लागत नाहीत.

एक गोष्ट ऐकणाऱ्यांपैकी काहींना खटकते: कॉर्ड म्हणजे पाश्चात्त्यांचं, आपल्याकडे एकावेळी एकच स्वर. गाण्याच्या बैठकीत हे खरं आहे. पण आपण सगळे ज्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर वाढलो, त्यांत कॉर्ड भरलेल्या आहेत, आणि त्यातलं बरंचसं काम गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरनी केलं. शंकर-जयकिशन यांच्याकडे सॅबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस होते. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालजींनी १९७७च्या सिनेमातल्या गाण्यात त्यांचं नाव अजरामर केलं. तेव्हा कान तयार आहे. मागे बोटं आहेत.

शेवटी एफचं काय? तिला सोडायची नाही, पण तिच्या घरी उलट्या दिशेने जायचं. बॅरेचा सराव पहिल्या पडद्यावर न करता सातव्यावर सुरू करा. तिथे पडदे जवळ असतात, तार नटापासून लांब असल्याने मऊ लागते. हाताला पॉवर कॉर्डचा आकार येतोच. तर्जनी पूर्ण आडवी टाकली आणि तिसऱ्या तारेवर मध्यमा ठेवली की तीच बॅरे कॉर्ड होते. सातव्यावर सहाही तारा स्वच्छ वाजल्या की पाचव्यावर या, मग तिसऱ्यावर, मग पहिल्यावर. आठवड्याला एक मुक्काम. सूर बसका आला तर जोर वाढवू नका. तर्जनी किंचित कुशीवर वळवा, बोटाच्या हाडाची कड मांसापेक्षा चांगली दाबते.

पुढच्या भागात तार ओढण्याबद्दल बोलू. आपण तिला मींड म्हणतो, ते बेंड म्हणतात, आणि ब्लूजवाले ती नेमकी दोन गांधारांच्या मध्ये कुठे नेऊन ठेवतात ते ऐकू. तोपर्यंत पहिल्या आणि दुसऱ्या तारेचा एकेक जादा संच आणून ठेवा. त्या तुटतात.